परसबागेतली भाजी कोण खातंय? नवख्यांसाठी कीड आणि जनावरांचा बंदोबस्त

परसात चार वाफे करून भाजी लावली की पहिल्याच महिन्यात या खाणाऱ्यांशी गाठ पडते. दोडक्याचे वेल दोन पानांवर असतात आणि सकाळी पाहावं तर पानांना भोकंच भोकं. वांग्याचा शेंडा मान टाकतो. मेथी उगवून वर येते तोच पाखरं टिपून नेतात. माणूस घाबरून कृषी सेवा केंद्रात जातो, "कीड लागली, काहीतरी द्या" म्हणतो आणि मिळेल ते औषध आणून मारतो. आपल्या मराठवाड्यात तर तेवढंही जावं लागत नाही. कापूस-सोयाबीनच्या फवारणीतून उरलेली बाटली घरात कुठंतरी असतेच, तीच परसात रिकामी होते.

हे थांबावं म्हणून हा लेख लिहितोय. वावरातला कापूस आपण खात नाही. परसातली भेंडी मात्र सकाळी तोडली की दुपारी तव्यावर असते, आणि लेकरं टमाटा न धुताच तोंडात टाकतात. दुसरं म्हणजे परसात झाडं मोजकी. पाच एकरांवर हाताने अळ्या वेचणं होत नाही, पाच वाफ्यांत ते पंधरा मिनिटांचं काम आहे. म्हणून इथला क्रम वेगळा: आधी खाणारा ओळखायचा, मग हात, मग जाळी, मग घरगुती फवारा. औषधाचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा तो येतच नाही.

पायरी १: खूण वाचायला शिका

खाणारा सहसा दिसत नाही, त्याची खूण दिसते. पानाच्या कडा कुरतडलेल्या आहेत आणि खालच्या पानावर काळे-हिरवे दाणे पडलेत, तर ती अळीची विष्ठा. अळी तिथंच वरच्या पानामागं असते, पान उलटून पाहा. जमिनीवर किंवा भिंतीवर वाळलेली चमकदार रेघ दिसली तर गोगलगाय रात्री येऊन गेली. पानाच्या आतच पांढरी नागमोडी रेघ असेल तर नागअळी. तिची फार धास्ती घेऊ नका. टमाट्याची किंवा वालाची अशी चार पानं तोडून नष्ट केली की पुरतं. रोप जमिनीलगत कापून आडवं पडलं असेल तर त्याच्या बुडाशी दोन बोटं माती उकरा. राखाडी, गुंडाळी करून पडलेली कुरतडणारी अळी बहुधा तिथंच सापडते.

मिरचीची पानं आकसली की सगळेच "चुरडामुरडा झाला" म्हणतात, पण पान कोणत्या बाजूला वळलंय ते पाहा. कडा वर वळून पान होडीच्या आकाराचं झालं तर फुलकिडे. कडा खाली वळल्या आणि पान लांबट झालं तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारा माइट). दोघांवरचा उपाय वेगळा आहे. कोळी हा कीटकच नाही, त्यामुळं नेहमीच्या कीटकनाशकाला तो दाद देत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो आणखी वाढतो.

मोठ्या प्राण्यांच्या खुणा ओळखणं सोपं. पिकलेल्या टमाट्याला वरून एकच खोलगट भोक असेल तर बुलबुल किंवा साळुंकी. मिरची अर्धी सोलून बी खाल्लेलं असेल तर पोपट. जमिनीलगतच्या फळावर दोन-दोन बारीक दातांच्या चरा असतील तर उंदीर. मातीचा मोठा ढीग आणि शेजारी मूठ जाईल एवढं बीळ असेल तर घूस. फांद्याच मोडल्या असतील, अर्धवट खाल्लेली फळं इकडंतिकडं फेकलेली असतील तर वानर येऊन गेले.

जे दिवसा कळत नाही ते रात्री कळतं. नऊच्या सुमारास टॉर्च घेऊन एकदा वाफ्यात फिरा. गोगलगायी, कुरतडणाऱ्या अळ्या, भुंगेरे सगळे त्याच वेळी कामावर असतात. पायात बूट हवेतच. साप हा परसातला नेहमीचा पाहुणा आहे, त्याचं पुढं सांगतो.

पायरी २: लावण्याआधीची तयारी

निम्मा बंदोबस्त लावणीआधीच होतो. एप्रिल-मेमध्ये वाफे खोल खणून माती उन्हात तापू द्या. आपल्याकडचं चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन यासाठी कामाला येतं. मातीतले कोष आणि अळ्या वर येतात, काही उन्हानं मरतात, बाकीच्या साळुंक्या आणि बगळे वेचतात.

शेणखत पूर्ण कुजलेलंच टाका. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणी (मातीत राहून मुळं खाणारी अळी) येते आणि त्याच्याच आशेनं वाळवीही लागते. हुमणीचे तपकिरी भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. त्याच वेळी फांद्या हलवून ते खाली पाडून वेचले आणि साबणाच्या पाण्यात टाकले तर पुढं मातीत अंडी पडत नाहीत. हे काम वर्षातून दोन-तीन संध्याकाळचंच आहे, पण त्याच आठवड्यात करावं लागतं.

भेंडी लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. भेंडी आणि कापूस एकाच कुळातले. तुडतुडे, मावा, पांढरी माशी आणि ठिपक्यांची बोंडअळी दोघांवर येतात. तुमचं घर कापसाच्या वावराला लागून असेल तर कापूस वाळू लागल्यावर ही सगळी मंडळी हिरव्या भेंडीकडे वळतात. परसाच्या कुंपणाला पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) रचून ठेवणं म्हणूनच टाळा; त्यांच्यात बोंडअळीचे कोष राहतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा रोग पांढऱ्या माशीमुळं पसरतो आणि त्यावर औषध नाही. असं झाड दिसलं की उपटून काढायचं, दया दाखवायची नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' ही जात याच रोगाला तोंड देण्यासाठी तयार झालेली आहे. परसबागेसाठी मी तिलाच पसंती देतो, कारण घरी बी धरून पुढच्या वर्षी लावता येतं.

एकाच वाफ्यात एकच भाजी भरू नका. वांग्यांच्या मध्ये कोथिंबीर, टमाट्यांच्या कडेनं झेंडू, उत्तर-पश्चिमेला मक्याची किंवा ज्वारीची एक दाट ओळ. घाटेअळीचा पतंग टमाट्याऐवजी झेंडूच्या फुलांवरही अंडी घालतो, ती फुलं खुडून टाकता येतात. मक्याची ओळ उडत येणाऱ्या पांढऱ्या माशीला आडोसा होते. बडीशेप, शेपू, कोथिंबीर यांची काही झाडं फुलावर येऊ द्या. त्यांच्या बारीक फुलांवर मित्रकीटक जगतात.

टमाटा, मिरची, वांगी यांची रोपं घरीच करणार असाल तर गादीवाफ्यावर कमानी लावून ४० मेशची (इंचाला चाळीस भोकांची) नायलॉन जाळी टाका. विषाणूजन्य रोग बहुधा लहानपणीच लागतात. महिनाभर रोप जाळीत राहिलं तर पुढचं अर्धं दुखणं टळतं.

पायरी ३: सकाळची फेरी

रोज सकाळी उन्हं चढण्याआधी एक चक्कर मारा. हातात साबणाच्या पाण्याचा डबा असू द्या. गारव्यात कीटक सुस्त असतात, पटकन उडत नाहीत.

दोडका, काकडी, भोपळा, वाळूक यांच्या कोवळ्या रोपांवर लाल-नारिंगी भुंगेरे येतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते वेल संपवतात. एकदा वेल मांडवावर चढला की तेवढं नुकसान होत नाही. म्हणून तेवढेच दिवस सांभाळायचं: सकाळी वेचून डब्यात टाकायचे, किंवा वेलाच्या आळ्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चार काड्यांवर टाकून ठेवायचा. दवानं ओल्या पानांवर चुलीतली चाळलेली राख भुरभुरण्याची पद्धत जुनी आहे आणि या किडीवर ती खरंच कामाला येते. पाऊस झाला की पुन्हा टाकावी लागते.

पानामागं अंड्यांचे पुंजके दिसले तर पानासकट काढा. पण ओळखून काढा. लांबट पिवळी अंडी मावा असलेल्या पानावर उभी दिसली तर ती ढालकिड्याची असतात. त्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी दिसते आणि लोक तिला हमखास चिरडतात. ती तर दिवसभर मावा खाते. धाग्याच्या टोकावर टांगल्यासारखी पांढरी अंडी क्रायसोपा या मित्रकीटकाची, तीही ठेवायची. सरडा, बेडूक, कोळिष्टकं यांनाही हात लावू नका.

कढीपत्त्यावर आणि लिंबावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते, मोठी झाली की हिरवी होते. झाड लहान असेल तर वेचा, मोठं असेल तर राहू द्या. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ अळ्यांचे थवे बसतात. त्यांना उघडा हात लावू नका, खाज सुटते. साबणाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारून खाली पाडा आणि गोळा करून पुरा.

पायरी ४: रस शोषणाऱ्या किडी

मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण. यातला मावा दिवाळीनंतरच्या थंडीत, ढगाळ हवेत वाढतो. वाल, चवळी, कोबी, पालक त्याच्या आवडीचे. झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहेच असं समजा. मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात आणि मोबदल्यात मित्रकीटकांना हुसकतात. म्हणून मुंग्यांचा रस्ताही तोडावा लागतो.

पहिला उपाय नुसतं पाणी. पाइपच्या तोंडावर बोट ठेवून पानाच्या खालच्या बाजूनं जोराचा फवारा मारला की मावा खाली पडतो आणि त्यातला बराचसा परत चढत नाही. तीन दिवस सलग करा. त्यानं भागलं नाही तर निंबोळी अर्क.

निंबोळी अर्क घरी करणं सोपं आहे आणि कडुलिंब आपल्याकडं दारोदारी आहे. मे अखेर ते जुलै लिंबोळ्या पिकून पडतात. त्या गोळा करा, गर धुऊन काढा, सावलीत वाळवा आणि हवा खेळेल अशा पोत्यात ठेवा. वापरायच्या आदल्या दिवशी ५०० ग्रॅम लिंबोळ्या बियांसकट जाडसर कुटा आणि एक-दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी फडक्यानं दोनदा गाळा, पाणी घालून एकूण १० लिटर करा आणि २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळा. हा झाला पाच टक्क्यांचा अर्क. त्याच दिवशी वापरून संपवायचा, उरवून ठेवला तर ताकद जाते. फवारणी संध्याकाळीच, कारण उन्हात त्यातला कामाचा घटक लवकर उडतो आणि दिवसा मधमाश्याही फुलांवर असतात. पानाची खालची बाजू भिजली नाही तर मेहनत वाया.

निंबोळी अर्कानं कीड पटापट मरून पडत नाही, हे आधीच माहीत असू द्या. तिचं खाणं कमी होतं, कात टाकणं बिघडतं, अंडी घालणं घटतं. आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी करा, मग फरक दिसतो. वेळ नसेल त्यांनी बाजारातलं कडुलिंबयुक्त औषध घ्यावं. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, कारण तीव्रतेनुसार ते बदलतं.

पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीसाठी, निळे फुलकिड्यांसाठी. घरीही होतात: पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा तुकडा पिवळा रंगवून त्यावर एरंडेल तेल लावायचं आणि झाडाच्या शेंड्याच्या किंचित वर टांगायचा. यानं कीड संपत नाही, पण ती किती आली ते कळतं, आणि नवख्याला तेच जास्त उपयोगाचं.

तंबाखूचं पाणी मारायला अनेक जण सांगतात. मी सांगणार नाही. त्यातलं निकोटिन माणसालाही विषारी आहे.

पायरी ५: वांग्यातली अळी आणि वेलांवरची फळमाशी

या दोघींमुळं नवखे हताश होतात, म्हणून इथं थोडं थांबूया.

वांग्याची शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते. आत गेली की वरून काहीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. तरी लोक आठवड्याला फवारतात. खरा उपाय कात्री आहे. शेंडा मान टाकलेला दिसला की त्याच दिवशी, वाळलेल्या भागाच्या बोटभर खालून कापा. चिरून पाहिलं तर आत फिकट गुलाबी अळी सापडते. कापलेले शेंडे झाडाखाली टाकू नका. साबणाच्या पाण्यात बुडवा किंवा खोल पुरा. भोक पडलेलं वांगं झाडावर ठेवून काही उपयोग नाही, तेही काढा. अळी पूर्ण वाढली की बाहेर येऊन खालच्या पालापाचोळ्यात कोष करते, म्हणून वांग्याखालची जमीन झाडलेली ठेवा. जोडीला ल्युसिल्यूर (या पतंगाच्या मादीसारखा वास देणारी गोळी) लावलेला एक कामगंध सापळा पुरतो. त्यात नर पतंग अडकतात. वांग्याचं जुनं झाड वर्षानुवर्षं ठेवण्याची सवय मात्र सोडा, अळीचं घर तेच असतं.

फळमाशी कारलं, दोडका, काकडी, दुधी, वाळूक यांच्या बोटभर लांबीच्या फळाला टोचून आत अंडी घालते. टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब येतो, फळ तिथं वाकडं होतं, पिवळं पडतं आणि गळतं. गळालेल्या फळातल्या अळ्या जमिनीत शिरून कोष करतात आणि काही दिवसांत नव्या माश्या बाहेर येतात. हे चक्र तोडण्याची जागा एकच: गळालेलं फळ. रोज वेचा. उकिरड्यावर टाकू नका, तिथून माश्या परत येतात. जाड प्लास्टिक पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा, मग पुरा.

फळ धरल्याबरोबर त्याला वर्तमानपत्राची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधा. फळधारणा झाल्याशिवाय बांधू नका, नाहीतर मधमाश्या फुलापर्यंत जाणार नाहीत. घरच्या वेलाला रोज दोन-चार फळंच धरतात, त्यामुळं हे सहज जमतं. वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यूल्यूरचा (या माशीच्या नरांना ओढणाऱ्या वासाचा) सापळा आणा. आंब्यासाठी मिळतो तो मिथाइल युजेनॉलचा, तो या माशीला चालत नाही. दुकानात मागताना "काकडी-कारल्यासाठी" असं स्पष्ट सांगा.

पायरी ६: शंखी गोगलगाय

२०२२ च्या पावसाळ्यात लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन फस्त केलं. लोकांना दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून ती परसांतही ठाण मांडून आहे. उन्हाळाभर ती मातीत, दगडाखाली तोंड बंद करून पडून राहते आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर बाहेर येते. मऊ मातीत पुंजक्यांनी अंडी घालते. ती साबुदाण्यासारखी पांढरी-पिवळसर दिसतात. कुंडी हलवताना, वाफा खुरपताना ती सापडली की तिथंच चिरडा.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात केलेली वेचणी सगळ्यात मोलाची, कारण अंडी घालायच्या आधीच मोठ्या गोगलगायी सापडतात. संध्याकाळी पोतं (बारदाना) गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याच्या कडेला पसरा. रात्री त्याच्याखाली त्या जमतात. उजाडता उजाडता पोतं उलटून वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाका. नंतर खड्ड्यात चुना टाकून पुरा. मीठ थेट वाफ्यात कधीच टाकू नका, माती बिघडते. हातात मोजे किंवा पिशवी हवी. गोगलगायीच्या अंगावर माणसाला अपाय करणारे सूक्ष्म कृमी असू शकतात. लेकरांना वेचायला लावू नका. ज्या पालेभाजीवर त्या फिरल्या ती नीट धुऊन, शिजवूनच खा.

रोपवाफ्याभोवती कोरड्या चुन्याचा चार बोटं रुंद पट्टा टाका. पावसानं भिजला की तो निकामी होतो. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी द्या, रात्री जमीन कोरडी राहिली तर गोगलगायीला फिरणं जड जातं. दुकानात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात आणि त्या परिणामकारक आहेत, पण कुत्री, मांजरी, कोंबड्या खाऊन मरू शकतात. घराजवळ त्या नकोत.

याच दिवसांत वाणीही निघते, अनेक पायांची, हात लावला की गोल गुंडाळी करणारी. ती कुजका पाला खाते, पण संख्या वाढली की कोवळे अंकुरही खाते. वेचणीचा उपाय तोच.

पायरी ७: औषध घेण्याची वेळ आलीच तर

आधी पान किंवा फळ पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. जालन्यात खरपुडी, हिंगोली जिल्ह्यात तोंडापूर, नांदेडला सगरोळी, धाराशिवला तुळजापूर, बीडला अंबाजोगाई इथं केंद्रं आहेत. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. बिव्हेरिया, मेटारायझियम, लेकॅनिसिलियम या बुरशींपासूनची जैविक कीटकनाशकं विचारा. हवेत ओल असताना, संध्याकाळी ती चांगली काम करतात. एप्रिलच्या कोरड्या उन्हात त्यांच्यावर पैसे घालू नका.

रासायनिक औषध घेतलंच तर त्याच्या लेबलवर त्या भाजीचं नाव आहे का ते पाहा आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची तो आकडा वाचा. तेवढे दिवस थांबता येत नसेल तर फवारू नका. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच बंदी आहे, तरी जुन्या सवयीनं ते मारलं जातं. डब्यावरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर ते परसासाठी नाहीच.

पायरी ८: पाखरं, मोर आणि वानर

मेथी, कोथिंबीर, पालक पेरल्यावर वाफ्यावर बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या आडव्या पसरा. रोपं चार बोटं झाली की काढून घ्या. चमकणारी फित, बुजगावणं यांना पाखरं आठवड्याभरात सरावतात, जागा बदलत राहिलात तरच उपयोग. टमाट्याला गुलाबी छटा आली की तोडून घरात पिकवा. चवीत फारसा फरक पडत नाही आणि बुलबुलाच्या आधी तुमच्या हाती लागतो. उन्हाळ्यात पाखरं पाण्यासाठीही रसाळ फळं टोचतात. परसाच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत, पाण्याचं मातीचं भांडं भरून ठेवा. हीच पाखरं दिवसभर अळ्याही वेचतात, त्यामुळं त्यांना कायमचं हाकलणं आपल्याच तोट्याचं आहे.

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, पण मोर तेवढ्यापुरते नाहीत; गावोगावच्या परसांत ते येतात. कोवळी रोपं उपटतात, मिरचीची फुलं खातात. मोर हा राष्ट्रीय पक्षी आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नं संरक्षित आहे. त्याला इजा करणं, पकडणं गुन्हा आहे. मोराला उतरायला मोकळी जागा लागते. वाफ्यावर वीतभर अंतरानं सुतळ्या ताणल्या की तो उतरायला बिचकतो.

वानरांचा प्रश्न अवघड आहे, तो अवघड आहे असंच सांगायला हवं. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन वानरांच्या नावावर असल्याची नोंद आहे. आपल्या लोकांचा त्यांच्यावर असा जीव आहे, आणि म्हणूनच शनिवारी भाकरी-केळी घालणारी माणसंही प्रत्येक गल्लीत आहेत. खायला घातलं की कळप तिथंच राहतो आणि मग भाजी वाचत नाही. शेजाऱ्यांशी बोलून खाणं घालणं थांबवणं ही पहिली पायरी. फटाके, गोफण यांनी ते चार दिवस जातात आणि परत येतात. जखमी वानर तर जास्त धोक्याचं.

खात्रीचा उपाय म्हणजे वरूनही बंद असलेली जाळी. दहा बाय दहा फुटांचा लोखंडी पाइपचा सांगाडा आणि चौकोनी तारेची जाळी केली तर टमाटे, काकडी, वाल त्यात होतात. खर्च एकदाच. तो परवडत नसेल तर पीक बदला: मिरची, लसूण, कांदा, आलं, हळद, कारलं यांना वानरांचा त्रास कमी होतो. मका, भुईमूग, पपई मात्र उघड्यावर लावू नका.

आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारं जनावर शेजारची शेळी आहे. बागेचं फाटक लावून घेण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

पायरी ९: उंदीर, घूस आणि साप

उंदरांना विष घालू नका. विष खाऊन मेलेला उंदीर घुबडानं, मांजरानं किंवा कुत्र्यानं खाल्ला तर तेही मरू शकतात, आणि उंदीर धरणारं कोणी उरत नाही. पिंजरा लावा. आमिषाला भजं, शेंगदाणा, तेल लावलेला भाकरीचा तुकडा. पहिले दोन दिवस दार उघडं ठेवून नुसतं खाऊ द्या, भीती गेली की अडकतात. जाळीचं कुंपण करताना ती फूटभर जमिनीत गाडून खालची कड बाहेरच्या बाजूला वळवा, घूस खणत आली की तिथं अडते.

जिथं उंदीर तिथं साप. आपल्याकडं परसात बहुतेकदा दिसते ती धामण, बिनविषारी आणि उंदरांची मोठी शत्रू. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसंही मराठवाड्यात आहेत, त्यामुळं ओळखीच्या भरवशावर जवळ जाऊ नका. सरपणाचा ढीग, विटा, तुराट्या वाफ्यांपासून दूर आणि जमिनीपासून वर रचा. पाला उचलताना आधी काठीनं हलवा. साप दिसला तर लांबून लक्ष ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर चिरा देणं, घट्ट आवळणं, मांत्रिक यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. जखमेचा भाग हलू देऊ नका.

पायरी १०: गावाबाहेरच्या घरांसाठी

वस्तीवर, वावरात घर असेल तर रानडुक्कर, रोही (नीलगाय), हरणं, साळिंदर यांचाही विचार करावा लागतो. डुक्कर रताळी, भुईमूग, मका यांच्या वासानं येतं आणि एका रात्रीत वाफे उलथून टाकतं. ही पिकं घराला अगदी लागून लावा. जुन्या साड्यांचं कुंपण मराठवाड्यात सर्रास दिसतं. हरणं त्याला काही काळ बिचकतात, डुक्कर मात्र खालून शिरतं. डुकरासाठी खाली काटेरी तारेच्या दोन ओळी जमिनीलगत हव्यात.

घरातल्या वायरीतून कुंपणात वीज कधीच सोडू नका. अशा तारांना चिकटून दरवर्षी माणसं मरतात, बऱ्याचदा घरचीच, आणि तो गुन्हाही आहे. सौर झटका मशीन वेगळं असतं. त्यात क्षणभराचा कमी ऊर्जेचा धक्का बसतो, जनावर मागं हटतं पण मरत नाही. तेही प्रमाणित घ्या, नीट बसवून घ्या, आणि कुंपणावर फलक लावा. जखमी किंवा विहिरीत पडलेलं जनावर दिसलं, किंवा कळप रोजच येऊ लागला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. नुकसान झालं असेल तर ते आवरण्याआधी फोटो काढा आणि लगेच जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्या. पंचनाम्याला लोक येईपर्यंत ती जागा तशीच राहू द्या.